बोहनी होईपर्यंत

१४ ऑगस्ट २०१०

मॉल उघडला एकदाचा. दर्शनी भिंतीवर दिव्यांचा मोर, दोन मजली उंच. लोक आत्ताच 'मोरवाला मॉल' म्हणायला लागले, खरं नाव कुणाच्या लक्षातही राहणार नाही. सरकत्या जिन्यापाशी बायका निऱ्या मुठीत धरून उभ्या, पाय टाकू की नको. एका आजींनी आधी जिन्याला नमस्कार केला, मग चढल्या. हसले मी, पण माझी पाळी आली तेव्हा दिलीपचा दंड धरलाच. (दिलीप म्हणजे आमचे हे. तोंडावर कधी नाव घेतलं नाही, वहीत तरी घेते.)

आपलं दुकान पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच. बॅगा, पर्सेस, सुटकेस. बर्डीच्या बाजारातला गाळा विकून इथे आलो, आता परतायला जागा नाही. पण पूजा आटोपायच्या आत एक बाई दप्तर विचारत आल्या. गुरुजी मंत्र म्हणतायत आणि दिलीप दप्तराची चेन ओढून दाखवतोय. नोट कपाळाला लावली, देवापुढे ठेवली. झाली बोहनी. मामंजींची शिस्त होती: बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचं नाही, आणि बोहनी झाल्याशिवाय शटर खाली ओढायचं नाही. बर्डीत अगरबत्ती संपायच्या आत बोहनी व्हायची. दुसऱ्या नियमाची वेळ कधी आलीच नाही.

१० नोव्हेंबर २०१२

दिवाळीची गर्दी. मी काम करते त्या कॉलेजच्या ऑफिसला आज सुट्टी, म्हणून दुकानात मदतीला गेले. दोघांनी डबा उभ्याने खाल्ला, तोही अर्धा. शेजारच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानातले वानखेडे सुट्टे मागायला आले आणि इथलीच चार गिऱ्हाइकं बोलता बोलता स्वतःकडे घेऊन गेले. दिलीप नुसता हसला. एवढं खुश मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. बाईकवर मागे वळून म्हणाला, "बर्डीत मी लोकायले हाका मारत होतो वं सुनंदा. इथं लोक मले हाका मारून राहिले." समोर बघा म्हटलं आधी.

२२ जानेवारी २०१६

गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा मॉल सुरू झाला. ऑफिसातल्या पोरी त्याचंच बोलतायत. आमच्या खालच्या मजल्यावरचं मोठं किराणा दुकान पुढच्या महिन्यात जाणार म्हणे. दिलीप म्हणतो, "किराण्यावाल्याचं गिऱ्हाईक आपलं नोहोतंच." होतं. वांगी घ्यायला आलेली बाईच वर येऊन पर्स घ्यायची. पण हे त्याला आज सांगितलं नाही.

३ सप्टेंबर २०१८

मॉलमधलं थिएटर बंद. पोस्टर अजून तसंच, हिरॉईनच्या तोंडावर पाणी ओघळलंय. बोहनी दुपारी चारला झाली. की-चेन.

१९ फेब्रुवारी २०२१

लॉकडाऊननंतर, इतक्या महिन्यांनी नीट साफसफाई. चामड्याच्या बॅगांवर पांढरी बुरशी. खोबरेल तेल आणि कापूस घेऊन दिवसभर पुसत बसलो. सरकता जिना बंद, आता पायांनी चढायचा. त्याच्या पायऱ्या उंच, धाप लागते. वानखेडेंनी दुकान आवरलं. जाताना दिलीपला मिठी मारली आणि म्हणाले, "तुमी राहा गा, कोनीतरी राहाले पायजे." स्वतः निघणाऱ्याला असं बोलणं सोपं असतं. मला रागच आला.

दिलीपने मोबाईलवर पैसे घ्यायला सुरुवात केली. पहिला मेसेज आला तेव्हा नोट नाही म्हणून फोनच कपाळाला लावला.

२ मे २०२५

कितीतरी वर्षांनी वही काढली.

दुपारी ऑफिसात फोन. मॉलचा वॉचमन. "मॅडम, साहेब खुर्चीवरून घसरले, पाणी पाजलं, तुमी या." ऑटोने गेले. वर काचेचं छत, ए.सी. कधीचा बंद, बाहेर नागपूरचा मे महिना. दिलीप दुकानाच्या दारात भिंतीला टेकून बसलेला, शर्ट भिजलेला, डोळे लाल. उघडी दुकानं आता हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, तीही संध्याकाळीच उघडतात. हा एकटा सकाळी दहापासून बसलेला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, त्यात बी.पी. परत असं झालं तर मला दोष देऊ नका. बाराच्या आत घरी पाहिजे हा माणूस.

आणि हा माणूस सलाईन चालू असताना काय म्हणतो? "बोहनी झाली नोहोती, शटर कसं ओढू?"

मी खूप बोलले. नर्स बघत होती तरी बोलले. बोहनी नाही म्हणून जीव देणार का, असंही म्हटलं.  मग हळूच, "बाबा गेले त्या दिवशीबी बोहनी करूनच घरी आलो होतो मी." 

मला भीती वाटते. सरळ लिहून ठेवते. हा तिथे एकटा मरेल अशी भीती वाटते.

५ मे

ऐकत नाही. आज परत गेला. ओला टॉवेल, ग्लुकोज, छोटा पंखा दिला बरोबर. बोहनी झालीच नाही. साडेआठला आला, तेही वॉचमन गेट लावतो म्हणाला म्हणून. ज्या दिवशी बोहनी होत नाही त्या दिवशी जेवताना बोलत नाही.

६ मे

शेजारच्या मंगलाला गच्चीवर कपडे वाळत घालताना गाठलं. म्हटलं, उद्या अकराच्या आत मॉलमध्ये जा आणि आमच्या दुकानातून पर्स घे. पैसे माझे. माझं नाव काढायचं नाही.

मंगला: "मले पर्स आहेत न चार. अजून एक घेऊन काय त्याच्यात भाजी ठेवू?"

मी रडले असेन थोडी. मंगलाने चिमटे बाजूला ठेवले. "जातो न वं. रडू नोको."

७ मे

मी रजा टाकून घरीच होते. साडेबाराला दिलीप घरी! जेवला, झोपला, चार वाजता चहा मागितला. "आज मंगलावहिनी आल्या होत्या. घासाघीस केली लय. शेवटी घेतलीच तपकिरी." मंगलाला घासाघीस करायला कुणी सांगितलं होतं? बरं केलं पण. खरं वाटलं.

१६ मे

रोज मंगलाला पाठवता येत नाही. भिशीतल्या दोघी गेल्या. आमच्या ऑफिसातले चष्मेवाले सर गेले, त्यांना चेन नीट तपासायला सांगितलं होतं, त्यांनी तीनदा तपासली. रोज बाराच्या सुमारास दिलीप घरी पोचतो, मी ऑफिसातून फोन करून खात्री करते. बी.पी. उतरलं. डॉक्टर खुश. लपवाछपवी मला जमते, हे पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

३० मे

ऊन कमी होईपर्यंतच करायचं असं ठरवलं होतं. आता ऊन उतरेल. पण तो दुकानाच्या काचा पुसायला लागलाय, जुन्या बॅगांना नव्या चिठ्ठ्या लावतोय, घरी आल्यावर शीळ घालतो. ती शीळ बंद करायला माझा हात धजत नाही. अजून थोडे दिवस.

१२ जून

मंगलाच्या सुनेचं डोहाळजेवण. दिलीप मला सोडायला आला आणि हॉलच्या दारातच थबकला. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बायका ओळीने बसलेल्या, आणि जवळपास प्रत्येकीच्या मांडीवर आपल्या दुकानातली पर्स. तपकिरी, मरून, ती सोनेरी कडीवाली.

मला तिथेच जमिनीने गिळावं असं झालं. वाटलं, कळलं याला.

कळलं नाही. उलट छाती फुगली. परत नेताना सगळा रस्ता बोलत होता. "पायलं का तू? आपल्या अख्ख्या प्रताप नगरात आपला माल आहे. एकीनं दुसरीले सांगतलं असन, दुसरीनं तिसरीले. बर्डीत असंच चालू झालं होतं." मी हो हो म्हणत राहिले. घरी येऊन पोट दुखतं म्हणून पडून राहिले. खरंच दुखत होतं.

२१ जून

सकाळी वानखेडे घरी. दुकान आवरलं तरी गाळा त्यांच्याच नावावर आहे, आणि मॉलच्या दुकानदारांच्या संघाचे ते आता सचिव आहेत. एक कंपनी अख्खी इमारत घ्यायला तयार झालीय, पाडून नवीन काहीतरी बांधणार. प्रत्येक दुकानमालकाला रक्कम, बरी आहे. पण अट एक: सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, १४ जुलैपर्यंत. एक जरी राहिला तरी कंपनी दुसरी जागा बघेल. आणि मग त्या दुकानाला कोण विचारणार?

बाकी सगळ्यांनी केल्या. दिलीपची राहिली.

दिलीप शांतपणे म्हणाला, "माह्या दुकानात रोज गिऱ्हाईक येऊन राहिलं. चालतं दुकान काहून पाडू?"

वानखेडेंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी काहीतरी बोलेन. मी पोह्यांची बशी उचलून आत गेले.

२५ जून

लकडगंजात ठोकवाल्याकडे जाऊन नवा माल घेऊन आला. दोन हातगाड्या भरून. कॉलेज सुरू होण्याच्या हंगामासाठी, म्हणे. हॉलमध्ये पोती उघडून एक एक बॅग मला दाखवत होता. प्लॅस्टिकचा नवा वास घरभर.

आपण काय करून बसलो हे आज नीट कळलं. मी त्याला घरी आणायला गिऱ्हाइकं पाठवली आणि त्या गिऱ्हाइकांनीच त्याला दुकानात चिकटवून ठेवलं. कुणाला सांगू? मंगलाला सांगितलं तर म्हणाली, "मंग उद्यापासून नोको जाऊ का?" तिचं सरळच असतं सगळं.

नाही पाठवलं तर हा रात्रीपर्यंत बसणार, उपाशी. पाठवलं तर सही करणार नाही.

१ जुलै

मॉलच्या मधल्या पॅसेजचे दिवे बंद केले. संघाने बिल भरणं थांबवलं असणार, आणि ते कुणाला बाहेर काढायला ते मला ठाऊक आहे. दिलीप बॅटरी घेऊन जातो. पाठवलेल्या माणसांनाही आता भीती वाटते, चष्मेवाले सर म्हणाले, "मॅडम, तिथं कुत्री आहेत हो आत." छतातून पाणी गळतं, जिन्याखाली तळं. त्या ओल्या पायऱ्या हा चढतो उतरतो, नवा माल खांद्यावर.

५ जुलै

वानखेडे परत आले. या वेळी पोहे नाहीत, बसलेही नाहीत. दिलीप दुकानात होता, ते बघूनच आले असावेत.

"वहिनी, एका मानसापायी आमी सगळे बुडून राहिलो. माह्या पोरीचं लग्न या पैशावर आहे. समजवा न त्यायले."

मी म्हटलं, त्यांना गिऱ्हाईक मिळतंय म्हणतात.

वानखेडेंनी आवाज खाली आणला. "कोन येते वं वहिनी त्या अंधारात पर्स घ्याले?"

त्यांना संशय आलाय.  खाली उतरताना म्हणाले, लोकांचा राग आता वाढतोय, मी सगळ्यांना आवरू शकणार नाही. धमकी नव्हती ती. पण आता गेटचा आवाज झाला की उठून बसते आहे.

८ जुलै

आज कुणालाच पाठवलं नाही. ठरवून. भिशीतल्यांना सांगितलं, मंगलाला सांगितलं, सरांना सांगितलं. एक दिवस कोरा जाऊ दे, दोन दिवस जाऊ दे, त्याचं त्यालाच उमजेल. ऑफिसात एकही पत्र धड टाईप झालं नाही.

एक वाजता फोन केला. "नाही अजून. होईन."

चारला. "होईन न. घाबरतं काहून?"

सहाला उचलला नाही. पर्स घेऊन निघालेच होते तेवढ्यात त्याचाच आला. आवाज वेगळाच. "सुनंदा, झाली. मोठी सुटकेस गेली."

कोण? कुणी घेतली? मी परत परत विचारलं. घरी आल्यावर सगळं सांगितलं. कुठल्यातरी गावाहून बाप-लेक आलेले, पोरगी होस्टेलला जाणार. बाहेर पाऊस लागला म्हणून आडोशाला आत आले, वर एका दुकानात उजेड दिसला. बापाने सुटकेस उचलून वजन पाहिलं, पोरीने लाल रंग घेतला, चाकं फरशीवर फिरवून पाहिली. जाताना पोरीने दिलीपला वाकून नमस्कार केला. हे सांगताना त्याचे डोळे भरले. माझेही.

तेवढं एक गिऱ्हाईक खरं. या सगळ्या महिन्यांत तेवढं एकच.

९ जुलै

दिलीप म्हणतो, आता सहीचा विषय काढू नको. गावाहून लोक येऊन राहिले.

त्याला सांगायचं. पण कसं...

११ जुलै

दोनदा तोंड उघडलं, दोनदा भाजीचं विचारलं.

१३ जुलै

उद्या शेवटचा दिवस. आज रविवार, बोहनी मंगलाच्या दिराची (मीच पाठवलेले, शेवटचे). बाराला घरी आला. जेवण झालं. म्हटलं, जरा बसा, आज खरं सांगणार आहे, एकही गोष्ट लपवणार नाही.

सांगितलं. सलाईनपासून. मंगलाच्या गच्चीपासून.

 तो एकेक नाव घ्यायला लागला.

"मंगलावहिनी?"

हो.

"ते चष्मेवाले सर? त्यायनं तीनदा चेन तपासली."

मीच सांगितलं होतं.

"सोनेरी कडीवाली घेतली, त्या बाई? म्हने, बहिनीसाठी पायजे."

त्या भिशीतल्या. बहीण नाही त्यांना.

प्रत्येक गिऱ्हाईक त्याला पाठ होतं. कोण काय बोललं, कुठला रंग आधी पाहिला, काय भाव सांगितला. एक एक करून सगळी नावं माझ्याकडून वदवून घेतली त्याने. मी मान हलवत होते. मार खाणं यापेक्षा सोपं असतं. मी म्हटलं, तुम्ही घरी यावं म्हणून केलं, तुम्ही तिथे पडाल म्हणून. तो म्हणाला, "ते समजलं मले." रागावला असता तर बरं झालं असतं.

उठला, गॅलरीत गेला.  खाली मुलं क्रिकेट खेळत होती, ते बघत होता की नव्हता, माहीत नाही. मग आत आला आणि दारातूनच विचारलं.

"आन ते होस्टेलवाली पोरगी? लाल सुटकेसवाली. तेबी तूच धाडली?"



हो म्हटलं तर उद्या सही होईल. अंधार, ओल्या पायऱ्या, वानखेडेंच्या पोरीचं लग्न, सगळ्यातून सुटका. हा घरी राहील, दुपारी झोपेल, जगेल. पण हो म्हणणं खोटं आहे, आणि खरं सांगते म्हणूनच मी त्याला बसवलं होतं. नाही म्हटलं तर त्याचं एक खरं गिऱ्हाईक त्याच्याकडे राहील, आणि त्या एकासाठी तो परत तिथे जाऊन बसेल. मी ओळखते त्याला. एवढ्यासाठीसुद्धा बसेल.

माझं तोंड उघडलेलं पाहून त्यानेच हात वर केला.

"आता नोको सांगू. सकाळी सांगजो. तू जे सांगशीन ते मी खरं मानीन."

आत जाऊन दाढी केली, संध्याकाळी कुणी दाढी करतं का. वानखेडेंनी सगळ्यांना उद्या अकराला सहीच्या कामासाठी बोलावलंय. दुकान उघडायची वेळ दहाची. दिलीपने इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आहे. कुठे जायला, ते मी विचारलं नाही.